मुरलेलं सॉफ्टवेअर नव्या भाषेत पुन्हा लिहिताना नेमकं काय निसटतं?

तळटीप (धागाकर्ता)

उबुंटू या लिनक्स वितरणाच्या (डिस्ट्रोच्या) २५.१० या आवृत्तीत ग्नू कोअरयूटिल्स या सी भाषेतल्या जुन्या कमांड-संचाच्या जागी रस्ट या नव्या भाषेतला युयूटिल्स हा संच आला. एलएस, डेट, सॉर्ट ही रोजची अवजारं आतून बदलली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही आवृत्ती बाहेर पडली आणि त्याच महिन्यात कळलं की अनेक मशिनांवर अपडेटची आपोआप होणारी तपासणी बंद पडली आहे. कारण इतकं बारीक आहे की ते सावकाश मांडतो.

एपीटी या उबुंटूच्या पॅकेज-व्यवस्थापकाची रोजची स्क्रिप्ट तपासणी झाली की खूण म्हणून एका फाइलची वेळ ताजी करून ठेवते. पुढच्या वेळी ती डेट कमांडला 'वजा आर' पर्याय देऊन त्या फाइलची तारीख विचारते, आजच्या तारखेशी फरक काढते आणि ठरलेले दिवस उलटले असतील तरच पुढे जाते. नव्या डेटमध्ये हा पर्याय पार्सरला (पर्याय वाचणाऱ्या भागाला) माहीत होता, पण त्यामागचं काम लिहिलेलंच नव्हतं. त्यामुळे फाइलची तारीख सांगायच्या ऐवजी ती आत्ताची वेळ सांगायची. फरक शून्य, म्हणजे आजची तपासणी झालेली आहे, असं समजून स्क्रिप्ट मुकाट्याने थांबायची. एरर नाही, एक्झिट कोडही (संपताना परत दिलेला आकडा) यशाचा. दुरुस्ती ०.२.२-०उबुंटू२.१ या पॅकेजमध्ये आली, पण ज्या मशिनांना ती हवी होती त्यांचीच आपोआप तपासणी बंद होती. तिथे हाताने अपडेट करणं भाग होतं.

म्हणून हा धागा. जुन्या, मुरलेल्या ओपन-सोर्स प्रकल्पाचं पुनर्लेखन करताना अशा जागा आधीच कशा हेराव्यात, ते तपशिलात यावं अशी इच्छा आहे. 'रस्ट चांगली की सी चांगली' हा वाद इथे नको.

उंबरठा

पहिला नियम तुमच्या उदाहरणातूनच निघतो. जो पर्याय अजून लिहिलेला नाही तो पार्सरमध्ये नोंदवूच नये, नोंदवला तर तो वापरताच प्रोग्रॅमने एरर देऊन थांबावं. 'अनोळखी पर्याय' असा संदेश आला असता तर हा बग पहिल्या दिवशी सापडला असता. गप्प राहून चुकीचं उत्तर देणारा प्रोग्रॅम हा बंद पडणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा वाईट.

आता सी मधून रस्टमध्ये येताना हमखास सुटणाऱ्या जागा.

तुटलेला पाइप, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी जोडणी मधेच बंद होणं. 'येस'चा आउटपुट 'हेड'ला देऊन एकच ओळ मागा. सी मध्ये हेड संपलं की येसला सिगपाइप सिग्नल येतो आणि तो आवाज न करता मरतो. बॅश या शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पाइपस्टेटसमध्ये १४१ दिसतं, म्हणजे १२८ अधिक सिग्नल क्रमांक १३. रस्टचा रनटाइम मात्र मेन सुरू व्हायच्या आधीच सिगपाइपकडे दुर्लक्ष करायला सांगून ठेवतो. मग राइट कॉल एरर परत देतो, प्रिंटलाइन मॅक्रो ती एरर हाताळत नाही, पॅनिक होतो (प्रोग्रॅम तिथेच कोलमडतो), स्क्रीनवर 'ब्रोकन पाइप'चा संदेश येतो आणि एक्झिट कोड १०१. उपाय दोन: मेनच्या पहिल्याच ओळीत सिग्नलचं मूळ वर्तन परत आणणं, किंवा प्रिंटलाइन कुठेच न वापरता राइट मॅक्रोचा निकाल तपासणं. गो या भाषेत पुन्हा वेगळंच आहे. तिथे फाइल डिस्क्रिप्टर १ आणि २ (आउटपुट आणि एरर आउटपुट) वर लिहिताना पाइप तुटला तर प्रोग्रॅम सिगपाइपने मरतो, बाकीच्या डिस्क्रिप्टरवर फक्त एरर मिळते.

एररचा मजकूर. रस्टची आयओ एरर जशीच्या तशी छापली की नेहमीच्या वाक्याच्या शेवटी कंसात 'ओएस एरर २' असं शेपूट लागतं. ओळीचा शेवट जुळवून एरर ओळखणाऱ्या स्क्रिप्ट तिथेच चुकतात.

एक्झिट कोड. क्लॅप ही रस्टमधली लोकप्रिय पार्सर लायब्ररी चुकीच्या पर्यायावर २ देते, कोअरयूटिल्समधली बहुतेक अवजारं १ देतात. त्यातही एलएस आणि सॉर्ट २ देतात, एन्व्ह १२५ देतं. प्रत्येक अवजाराचा कोड वेगळा तपासावा लागतो.

लांब पर्यायांची आखूड रूपं. ग्नूचं गेटऑप्ट पर्यायाचं नाव अर्धवट लिहिलं तरी चालवून घेतं, फक्त ते दुसऱ्या पर्यायाशी गोंधळ करणारं नसावं. क्लॅपमध्ये ही सोय मुद्दाम चालू करावी लागते.

आणि दशांश. बॅशचं अंगभूत नव्हे, स्वतंत्र प्रिंटएफ अवजार घ्या आणि ०.१ ही संख्या दशांशानंतर २० स्थळांपर्यंत छापा. नेहमीच्या इंटेल मशिनवर ग्नूचं प्रिंटएफ 'लाँग डबल' वापरतं, म्हणून एकानंतर १९ शून्यं येतात. रस्टच्या ६४ बिटी फ्लोटने हेच सरळ केलं तर शेवटचे तीन अंक ५५५ येतात. दोन्ही उत्तरं आपापल्या अचूकतेला धरून बरोबर आहेत, पण चेकसम जुळवणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

बाराखडी

यात भर म्हणून देवनागरीचा भाग सविस्तर लिहिते, कारण इंग्रजी मजकुरावर चाचण्या चालवून हे कधीच दिसत नाही.

'नमस्ते' हा शब्द आणि पुढे नवी ओळ, असं डब्ल्यूसी या मोजणाऱ्या कमांडला द्या. बाइट मोजले तर १९ येतात: सहा कोडपॉइंट (युनिकोडमधली चिन्हं), प्रत्येकी ३ बाइट, अधिक नव्या ओळीचा एक. अक्षरं मोजली तर यूटीएफ-८ लोकॅलमध्ये (लोकॅल म्हणजे भाषा आणि अक्षरसंचाची सेटिंग) ७. तीच कमांड ग्नूमध्ये सी लोकॅल लावून चालवली तर अक्षरंही १९ येतात, कारण त्या लोकॅलला बाइटपलीकडे काही ठाऊक नाही. लोकॅल न बघता सगळं यूटीएफ-८ समजणारं पुनर्लेखन दोन्हीकडे ७ सांगेल. माणसाला ७ हेच बरोबर वाटेल. पण क्रॉनमधून ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टला बहुधा सी लोकॅलच मिळतं, आणि तिचे आकडे एका रात्रीत बदलतात.

क्रम लावणं याहून नाजूक. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, युनिकोडमध्ये मात्र तो ल च्या लगेच पुढे, व च्या आधी बसवला आहे. बाइटक्रमाने लावलं तर 'काळ' हा 'काव'च्या आधी येणार, वर्णक्रमाने लावलं तर नंतर. युयूटिल्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत सॉर्ट लोकॅल न बघता बाइटक्रमच लावत असे. एकट्या सॉर्टचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते साखळीत. एका टोकाला बाइटक्रमाने लावलेली यादी आणि दुसऱ्या टोकाला लोकॅलप्रमाणे लावलेली, अशा दोन याद्या त्या जुळवणाऱ्या जॉइन किंवा कॉम या कमांडला दिल्या की 'यादी क्रमात नाही' अशी तक्रार येते, किंवा जोड्या गळतात. यावर आजही टिकणारा उपाय म्हणजे त्या साखळीतल्या प्रत्येक कमांडला एकच लोकॅल स्पष्ट लिहून देणं.

तिसरी गोष्ट फाइलींची नावं. लिनक्सच्या दृष्टीने नाव म्हणजे निव्वळ बाइट. शून्य बाइट आणि तिरपी रेघ सोडून काहीही चालतं. रस्टची स्ट्रिंग मात्र यूटीएफ-८ असलीच पाहिजे. जुन्या एन्कोडिंगमधली नावं झिपमधून जशीच्या तशी उतरलेली असतात, आणि पाथ स्ट्रिंगमध्ये घेणारा कोड तिथे एकतर पॅनिक होतो किंवा न कळणाऱ्या बाइटच्या जागी चौकोनातलं प्रश्नचिन्ह घालतो. दुसरं जास्त घातक, कारण बदललेल्या नावाची फाइल डिस्कवर नसतेच. पाथसाठी ओएसस्ट्रिंग आणि पाथबफ हेच प्रकार शेवटपर्यंत न्यावेत. स्ट्रिंग करायची ती फक्त माणसाला दाखवायच्या वेळी.

सह्यवारा

हे सगळं वाचून मूळ प्रश्न विचारावासा वाटतो: चालू असलेलं पुन्हा लिहायचंच कशाला?

गूगलने सप्टेंबर २०२४ मध्ये अँड्रॉइडची जी माहिती मांडली ती बघा. एकूण सुरक्षा-त्रुटींत मेमरी-सुरक्षेशी (मेमरी चुकीची वाचण्या-लिहिण्याशी) संबंधित त्रुटींचं प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होतं, ते २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं. आणि हे जुना सी++ कोड उपसून टाकून झालेलं नाही. नवा कोड सुरक्षित भाषांत लिहिला, जुन्याला फार हात लावला नाही. त्यांचंच म्हणणं असं की त्रुटी मुख्यतः नव्या कोडमध्ये असतात आणि कोड जुना होत जाईल तशा विरत जातात. पाच वर्षं जुन्या कोडमध्ये त्रुटींची घनता नव्या कोडच्या तुलनेत ३.४ ते ७.४ पट कमी. म्हणजे मुरलेला कोड फेकून नवा लिहिणं म्हणजे मिळवलेली पुण्याई सोडून देणं.

कर्ल या नेटवरून फाइली उतरवणाऱ्या अवजाराचंही उदाहरण आहे. एचटीटीपीसाठी रस्टमधली हायपर लायब्ररी जोडायचं काम २०२० मध्ये सुरू झालं. चाचण्यांचा बहुतांश भाग पार पडला, शेवटचे थोडे टक्के अडून राहिले, दोन्ही भाषा आणि दोन्ही कोड जाणणारी माणसं मिळाली नाहीत, वापरणाऱ्यांकडून मागणीही आली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ते काढून टाकायचं ठरलं. टीएलएससाठीचा (सुरक्षित जोडणीसाठीचा) रस्टएलएसचा पर्याय मात्र कर्लमध्ये टिकला.

उंबरठा

आकडे मान्य, निष्कर्ष अर्धाच मान्य. घनता कमी होते म्हणजे शून्य होत नाही, आणि काही प्रोग्रॅममध्ये एक त्रुटीही परवडत नाही. सुडो या रूटचे (सर्वाधिकारी युजरचे) अधिकार देणाऱ्या कमांडमधली जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०२१-३१५६ ही त्रुटी आठवा. हीप ओव्हरफ्लो (राखलेल्या मेमरीपलीकडे लिहिणं), कोणत्याही साध्या युजरला थेट रूट. तो कोड २०११ मध्ये आत आला होता. जवळजवळ दहा वर्षं तो मुरतच होता.

म्हणून निवड वयावर करू नये, जागेवर करावी. दोन प्रश्न: हा कोड अनोळख्या माणसाने दिलेले बाइट वाचतो का, आणि तो रूटच्या अधिकाराने चालतो का? सुडो, फाँट आणि चित्रं उलगडणारे पार्सर, डिकंप्रेशन, टीएलएस, हे पहिल्या पंगतीचे. ट्रू, येस, बेसनेम पुन्हा लिहून सुरक्षेच्या नावाखाली काहीच पदरात पडत नाही.

सुडो-आरएस या सुडोच्या रस्टमधल्या पुनर्लेखनाने आणखी एक शहाणपण केलं, सगळं वर्तन उतरवून घ्यायचा आग्रहच धरला नाही. एलडॅप या मध्यवर्ती निर्देशिकेतून नियम वाचणं यासारख्या कमी वापराच्या सोयी जाणूनबुजून वगळल्या. वगळलेलं जाहीर असेल तर ते कुणाला फसवत नाही. डेटच्या बगमध्ये नेमकं हेच नव्हतं.

जोडकाम

मुद्दा पद्धतीचा निघालाच आहे तर दोन यशस्वी प्रकल्प शेजारी ठेवून बघू.

लिबआरएसव्हीजी ही ग्नोम या डेस्कटॉपची एसव्हीजी चित्रं रेखाटणारी लायब्ररी. २०१६ पासून तिचं सी मधून रस्टमध्ये स्थलांतर एकेक फंक्शन करत झालं. बाहेरचा सी एपीआय आणि एबीआय (कोड आणि कंपाइल झालेली बायनरी यांच्या जोडणीचे नियम) तसाच ठेवला, त्यामुळे वापरणाऱ्या अॅप्सना पुन्हा कंपाइलही करावं लागलं नाही. फिश शेलचं तसं नाही, तो प्रोग्रॅम आहे, त्याला कुणाचा एबीआय सांभाळायचा नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये सी++ मधून रस्टकडे जायला सुरुवात झाली, मधल्या काळात दोन्ही भाषांचा कोड एकाच बायनरीत नांदत होता, आणि ४.० ही आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये आली. सी++ च्या सुमारे ५७ हजार ओळींच्या रस्टमध्ये सुमारे ७५ हजार झाल्या, २०० हून अधिक लोकांचा हात लागला. किंमतही मोजली. विंडोजवरच्या सिग्विनसाठी रस्टचं लक्ष्य उपलब्ध नसल्याने तिथला आधार गेला.

दोन्हीत समान ते हे की मुख्य शाखा रोज चालू स्थितीत होती. वेगळ्या रेपोमध्ये शून्यापासून लिहून दोन वर्षांनी बदलायचा बेत बहुतेक वेळा फसतो, कारण जुना प्रोग्रॅम तेवढ्या काळात पुढे सरकलेला असतो.

एकेक फंक्शन हलवताना सांध्यावर काय चुकतं:

सी कडून रिकामी यादी बऱ्याचदा 'नल पॉइंटर आणि लांबी शून्य' अशी येते. सी मध्ये ते निरुपद्रवी. रस्टमध्ये त्यापासून थेट स्लाइस (यादीकडे बघायची खिडकी) बनवणं हे लांबी शून्य असली तरी अनडिफाइंड बिहेविअर आहे, म्हणजे पुढे काहीही होऊ शकतं. स्लाइस बनवण्याआधी नल तपासायचाच.

रस्टने वाटप केलेली स्ट्रिंग सी च्या फ्रीने सोडायची नाही. दिलेला पॉइंटर परत रस्टकडे घेऊन तिथेच मोकळा करणारं वेगळं फंक्शन द्यायचं. एका मशिनवर दोघांचा मेमरी वाटणारा अॅलोकेटर एकच असल्याने चूक झाकली जाते आणि दुसरीकडे हीप बिघडतो, म्हणून ही चाचणी अॅड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन लावूनच करावी.

सी चा एनम (ठरलेल्या पर्यायांचा प्रकार) रस्टच्या एनमच्या प्रकारात सरळ स्वीकारू नये. सी तिथे कुठलाही आकडा पाठवू शकतं. पूर्णांक म्हणून घ्या, मग जुळवा.

पॅनिक सी च्या हद्दीत जाता कामा नये. रस्ट १.८१ पासून अशा ठिकाणी प्रोसेस सरळ अॅबॉर्ट होते. लायब्ररी असेल तर तेही वाईट, कारण तुमच्या पॅनिकने दुसऱ्याचं अॅप मरतं. सीमेवरच पॅनिक पकडून एरर कोड परत करावा.

तळटीप (धागाकर्ता)

जोडकाम, हा सांध्यांचा भाग फार मोलाचा आहे. एक विचारायचं राहिलं: युयूटिल्सच्या लोकांना ग्नूचा कोड उघडून डेटची सगळी वागणूक एकदाच उतरवून का घेता आली नाही?

बाराखडी

परवान्यामुळे. ग्नू कोअरयूटिल्स जीपीएल ३ (बदललेला कोडही त्याच अटींवर खुला द्यायला लावणारा परवाना) खाली आहे, युयूटिल्स एमआयटी (जवळपास विनाअट परवाना) खाली. जीपीएलचा कोड वाचून त्यावरून लिहिलेला भाग एमआयटीखाली देता येत नाही, म्हणून युयूटिल्सच्या नियमांत ग्नूच्या कोडवर आधारलेलं योगदान स्वीकारत नाहीत. मग उरतं काय? मॅन पानं (कमांडची माहितीपत्रकं), पोझिक्स हे मानक, आणि ग्नूचा टेस्ट सूट (चाचण्यांचा संच) बाहेरून चालवून बघणं. टेस्टमध्ये जे नाही आणि मॅन पानात जे नाही, ते फक्त कोडमध्ये असतं, आणि तोच दरवाजा बंद. शिवाय २५.१० बाहेर पडली तेव्हा टेस्ट सूटमधल्या सगळ्या चाचण्याही पास झालेल्या नव्हत्या.

परवाना बदलण्याला माझा स्वतःचा विरोध आहे. इतक्या लोकांनी सुधारणा परत मिळाव्यात या अटीवर दिलेलं काम भाषेच्या बदलाआडून त्या अटीतून मोकळं होतं. रस्ट आणि जीपीएल यांचं काही वैर नाही, फिश ४.० आजही जीपीएल २ खालीच आहे.

गाठोडं

पॅकेजिंगची बाजू अजून आली नाही. पायथनची क्रिप्टोग्राफी लायब्ररी, आवृत्ती ३.४, फेब्रुवारी २०२१. त्यात पहिल्यांदा रस्टचा भाग आला आणि सोर्समधून बांधायला रस्ट कंपायलर लागू लागला. तयार व्हील (आधीच बांधलेली पॅकेजं) बहुतेकांसाठी होते, पण पिप या पायथनच्या इन्स्टॉलरच्या जुन्या आवृत्तीला नवीन व्हीलचा प्रकार ओळखता येईना, म्हणून तो सोर्स उतरवायचा आणि रस्ट नाही म्हणून पडायचा. अल्पाइन या लिनक्सवरच्या कंटेनरचीही तीच गत. बहुतेकांना पिप अपग्रेड करणं एवढाच उपाय पुरला, पण अल्फा, एचपीपीए, एम६८के अशा जुन्या प्रोसेसरवाल्यांना उपायच नव्हता. तोच प्रश्न ऑक्टोबर २०२५ अखेरीस उबुंटूचा पाया असलेल्या डेबियनमध्ये आला, एपीटीला मे २०२६ नंतर रस्ट बंधनकारक होणार असं जाहीर झालं तेव्हा.

डिस्ट्रोच्या दृष्टीने दोन कामं आधी करा. बिल्ड सर्व्हरना इंटरनेट नसतं, तेव्हा कार्गो या रस्टच्या बिल्ड अवजाराची लॉक फाइल रेपोत ठेवा आणि सगळे क्रेट (रस्टच्या लायब्ररी) सोबत बांधून दिल्यावर बिल्ड ऑफलाइन होतं का ते सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) तपासा. किमान रस्ट आवृत्ती ठरवून जाहीर करा, कारण स्थिर डिस्ट्रोमधला कंपायलर तुमच्यापेक्षा वर्ष-दोन वर्षं मागे असतो. रस्टमध्ये क्रेट बायनरीतच जोडले जातात, त्यामुळे एका क्रेटची त्रुटी निघाली की ते वापरणारं प्रत्येक पॅकेज पुन्हा बांधावं लागतं. हे काम डिस्ट्रोच्या स्वयंसेवकांवर येतं, आणि पुनर्लेखनाच्या घोषणेत त्यांची कुणी आठवण काढत नाही.

सह्यवारा

उंबरठा, जागा बघून निवड हा निकष पटला. त्याला एक पुरवणी. मेमरी-सुरक्षित म्हणजे सुरक्षित नव्हे. रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीतच अख्खी डिरेक्टरी पुसणाऱ्या फंक्शनमध्ये सीव्हीई-२०२२-२१६५८ निघाली. 'ही सिमलिंक (दुसरीकडे बोट दाखवणारी फाइल) आहे का' हे तपासणं आणि प्रत्यक्ष पुसणं यांच्या मधल्या क्षणात कुणी डिरेक्टरीच्या जागी सिमलिंक ठेवली तर भलतीच डिरेक्टरी पुसली जायची. जानेवारी २०२२ मध्ये १.५८.१ ने ती बुजवली. कंपायलर अशी शर्यत पकडू शकत नाही. सीपी, एमव्ही, आरएम लिहिताना पूर्ण पाथ पुन्हा पुन्हा न उघडता, एकदा उघडलेल्या डिरेक्टरीच्या डिस्क्रिप्टरवरून ओपनअॅट आणि अनलिंकअॅट वापरावं. एसट्रेस हे सिस्टिम कॉल दाखवणारं अवजार लावून जुन्या आणि नव्याचे सिस्टिम कॉल शेजारी ठेवले की पाच मिनिटांत दिसतं.

भाषा निवडीबद्दल एकच नोंद. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर मार्च २०२५ मध्ये गोमध्ये न्यायचं जाहीर झालं, रस्टमध्ये नाही. जुन्या कोडमध्ये एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या रचना होत्या आणि गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी होणं) गृहीत धरलं होतं, म्हणून फंक्शनला फंक्शन जुळवत नेता येईल अशी भाषा घेतली. व्हीएस कोडचा सुमारे १५ लाख ओळींचा कोड तपासायला ७७.८ सेकंद लागत, ते ७.५ वर आलं. रचना तीच राहिली तर दोन कोड शेजारी ठेवून तपासता येतात.

उंबरठा

शेवटी तपासणीचा सांगाडा लिहून ठेवतो, कुणी सुरू करणार असेल तर उपयोगी पडेल.

जुनी बायनरी फेकू नका, तीच तुमची उत्तरपत्रिका. प्रत्येक चाचणी दोन्हींवर, दोन वेगळ्या पण सारख्याच तात्पुरत्या डिरेक्टरीत चालवा आणि पाच गोष्टी जुळवा: आउटपुट, एरर आउटपुट, एक्झिट कोड, मागे राहिलेल्या फाइली, त्यांचे वाचायचे-लिहायचे अधिकार आणि वेळा. चाचण्यांच्या कमांड मनाने रचू नका. डिस्ट्रोच्या पॅकेजमधल्या इन्स्टॉल स्क्रिप्ट, क्रॉनच्या फाइली, मेकफाइली यांतून त्या अवजाराचे सगळे वापर गोळा करा. एपीटीच्या स्क्रिप्टमधला 'वजा आर' असाच सापडला असता. हाच संच तीन लोकॅलमध्ये फिरवा: सी, अमेरिकन इंग्रजी, मराठी. त्यानंतर कार्गो-फझ लावून दोन्हींना तेच यादृच्छिक पर्याय देत राहा. युयूटिल्समध्ये टेस्ट, एक्सप्रेशन, प्रिंटएफ यांसाठी असे फझ आहेत.

आणि आउटपुट 'डेव्ह-फुल' या डिव्हाइसकडे वळवून प्रत्येक अवजार एकदा चालवाच. तिथे लिहिलं की कर्नल 'डिस्क भरली' अशी एरर देतं. ग्नूची अवजारं बाहेर पडताना आउटपुट बंद करून ती एरर तपासतात आणि शून्य नसलेला एक्झिट कोड (बहुतेक अवजारांत १) देतात. रस्टमध्ये बफरायटर (लिखाण साठवून एकदम बाहेर लिहिणारा) वापरला आणि शेवटी स्वतः फ्लश केलं नाही, तर तो ड्रॉप होताना फ्लश करतो खरा, पण आलेली एरर गिळून टाकतो. डिस्क भरलेली, बॅकअपची फाइल अर्धी, आणि एक्झिट कोड शून्य.